मधला दहा

शिरोली एमआयडीसीत फौंड्र्या आणि मशीन शॉपच्या शेजारात राहणारा मी एक कवी. शिक्षण बी.ए. तरीही आज आपल्याशी बोलणार आहे ते एका भल्यामोठ्या मूळ संख्येविषयी.

एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. आमच्या घरच्या तसबीहचे ९९ मणी तेहतीसच्या तीन भागांत बसतात. जपमाळेचे १०८ मणी तर कितीतरी तऱ्हांनी वाटता येतात. मणी १०१ असते, तर मात्र सारखे वाटे पडलेच नसते. १०१ ही मूळ संख्या.

आता देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांची आठवण काढू. आकड्यांचा छंद त्यांनी जन्मभर जोपासला. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात. नऊ एक्क्यांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे. अशा संख्यांना कापरेकरांनी जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनाचे नाव दिले, 'डेम्लो संख्या'. ही सतरा अंकी संख्या मूळ नाही. ती वर्गच आहे. शिवाय अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो.

आता चढ आणखी एक पायरी वाढवू. नवानंतर दहा, मग पुन्हा नवापासून उतार: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. संख्या वीस अंकी झाली, रूप जवळपास तेच राहिले. पण ही मूळ संख्या आहे!

हे नुसते पाहून कळत नाही. अंकांची बेरीज ९१, तेव्हा ३ ने भाग जात नाही, एवढे चटकन सांगता येते. पण एकेक भाजक लावून खात्री करायची, तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ३५१ कोटींपर्यंत जावे लागेल. ऑयलरने १७७२ मध्ये २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले, तिची हद्द ४६,३४० वरच संपत होती. पुढे भाजक न शोधता निर्णय देणाऱ्या रीती निघाल्या. २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तशीच एक नावाजलेली रीत दिली.

शिरोलीतल्या कामगाराला यात नवे काही वाटणार नाही. वरून गुळगुळीत दिसणारा जॉब मशीनवर चढतो, पहिला कट लागतो आणि आतला ब्लो होल उघडा पडतो. शेजारचा, अगदी तसाच दिसणारा जॉब निर्दोष निघतो. माझे नाव ऐकून "मराठी कुठे शिकलात?" असे विचारणारे मला अजूनही भेटतात. मी त्यांना कविता वाचायला देतो. तपासल्याशिवाय माणसाचाही निकाल लावू नये.

आज मुलांना घेऊन बसा. ११ गुणिले ११ पासून सुरुवात करा, नऊ एक्क्यांपर्यंत जा. मग मध्ये तो दहा बसवा आणि विचारा, आता भाग जाईल का? उत्तर सांगायची घाई मात्र करू नका.