आधी टॅली, मग बोट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



बँकेत कॅश टॅली झाल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. सोसायटीत मात्र मी तो नेम विसरलो.

दोन वर्षांपूर्वी पार्किंगमधून सायकल गेली. तिथल्या कॅमेऱ्यात वेळ १०.०५. गेटच्या कॅमेऱ्यात १०.०५ ला वॉचमनची खुर्ची रिकामी! आपण सगळ्यांनी, मी धरून, त्याच्यावरच संशय घेतला. मग कळलं, गेटचं घड्याळ ७ मिनिटं पुढे. तिथलं १०.१२ चं चित्र काढलं, तर वॉचमन जागेवर आणि सायकल नेणारा मालकाचाच भाचा!

मग दोन्ही कॅमेरे एकाच रेकॉर्डरच्या घड्याळावर लावले. दोघांनाही दिसणाऱ्या सपाट जमिनीवर खडूने चार फुल्या मारल्या. कुठल्याही तीन एका रेषेत नकोत. चारही फुल्या दोन्ही चित्रांत जुळवल्या, की एकातली जागा दुसऱ्यात नेमकी सापडते. आपलं नरडाणं महामार्गावरचं. वाऱ्या-धक्क्याने कॅमेरा जरा हलला, तरी पुन्हा जुळवावं लागतं.

वॉचमनदादांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब." पण मला अजून टोचतं. म्हणून सांगतो, आधी टॅली करा, मगच माणसाकडे बोट दाखवा.