नाताळची बिस्किटे आणि कामाचे तास



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्ता यांविषयी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी आज बिस्किटांविषयी बोलणार आहे. आणि तीही जर्मनीत नाताळापूर्वी घरोघर भाजतात त्या बिस्किटांविषयी. माझे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि बेकरी कामगारांच्या सभांत. त्या कामगारांच्या लढ्यांचा इतिहास वाचता वाचता मी जर्मनीत पोहोचलो आणि तिथल्या स्वयंपाकघरात शिरलो, एवढाच या विषयाशी माझा संबंध.

नाताळाच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात त्या दिवसांना ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर फराळाची जी घाई असते, तीच त्या दिवसांत तिकडे असते. क्रमही ठरलेला. जे मुरावे लागते ते आधी. लेबकूखेन हा मधाचा आणि मसाल्यांचा जाडसर प्रकार सगळ्यांच्या अगोदर करतात. त्याचे पीठ मधात किंवा काकवीसारख्या पाकात मळून कित्येक घरी काही आठवडे थंड जागी ठेवून देत. त्यात दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ आणि चक्क धनेही असतात. ते फुगण्यासाठी पोटॅश घालण्याची जुनी रीत आहे. ताजे भाजलेले लेबकूखेन पुष्कळदा दगडासारखे असते. मग ते डब्यात भरून बरोबर सफरचंदाची एक फोड ठेवतात. फोडीतला ओलावा शोषून ते हळूहळू मऊ होते. फोड मात्र अधूनमधून बदलावी लागते, नाहीतर बुरशी धरते.

दुसरा प्रकार श्प्रिंगर्ले. अंडी, साखर, मैदा आणि बडीशेपेच्या वासाचे अनीस. लाटलेल्या पोळीवर कोरीव लाकडी साचा दाबून घोडेस्वार, फुले, पाखरे उठवतात आणि चौकोन कापून रात्रभर वाळत ठेवतात. वरचा पापुद्रा सुकलेला असतो, म्हणून ओव्हनमध्ये चित्र मोडत नाही. खालची बाजू तेवढी फुगते आणि बिस्किटाला पाय फुटल्यासारखे दिसते. यात जो क्षार घालतात त्याला आपल्या बेकरीत नुसते 'अमोनिया' म्हणतात. भाजताना नाकाला झोंबतो. पातळ बिस्किटातून तो वायू पार निघून जातो, जाड केकात अडकून राहतो. म्हणून तो केकाला चालत नाही. बदामाच्या पिठाचे आणि अंड्याच्या पांढऱ्याचे दालचिनीचे तारे, चंद्रकोरीसारखी व्हॅनिलाची बिस्किटे, ही मंडळी मागून येतात, आणि लोण्याची साधी बिस्किटे सर्वांत शेवटी.

ही घरोघरची परंपरा अनादि कालापासून चालत आलेली आहे असे पुष्कळ जण सांगतात. ते मला पटत नाही. न्यूरेंबर्ग शहरात लेबकूखेन करणाऱ्याचा उल्लेख १३९५ सालापासून सापडतो. पण ते घरचे काम नव्हे, कारागिराचे. १६४३ मध्ये तिथे या कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला. सभोवारच्या जंगलात मध मुबलक आणि व्यापारी रस्ते शहरावरून जाणारे, म्हणून तिथे मसाला येई. या पदार्थाला जर्मनीत मिऱ्याचा केक असेही नाव आहे. मिरी म्हणजे सगळाच परदेशी मसाला, असा त्या काळचा अर्थ. आपल्या मलबारची मिरी, सिंहलद्वीपची दालचिनी आणि मोलुक्का बेटांतली लवंग तिथवर पोहोचेपर्यंत तिची किंमत गरिबाच्या हाताबाहेर गेलेली असे. साखर तर त्याहून दूरची. आणि भाजणार कशात? साध्या घरात चूल होती, भट्टी नव्हती. खेड्यात एक सामाईक भट्टी असे, ती ठरलेल्या दिवशी पेटे.

हे आपल्याला नवीन वाटू नये. रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घेऊन बेकरीत जायचे, पत्र्यावर नानकटाईचे गोळे मांडायचे आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून तिथेच उभे राहायचे, हे इथे बसलेल्या कित्येक भगिनींनी केलेले आहे.

मग बदल कशाने झाला? १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बीटमध्ये साखर आहे हे दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने पुढच्या शतकाच्या आरंभी सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत साखर मजुराच्या घरी आली. लोखंडी शेगडी आली, तिच्या पोटात ओव्हन आला. १८९१ मध्ये बीलेफेल्ड गावच्या ओएटकर या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडरीचा धंदा सुरू केला. एका पुडीत अर्धा किलो पिठापुरती पावडर. प्रमाण चुकण्याची भीती गेली.

परंतु साखर आली, ओव्हन आला, पुडी आली, तरी चौथी वस्तू राहतेच. वेळ. बारा तास गिरणीत उभी राहिलेली बाई साचे कधी दाबणार? आणि बाजारात जे तयार मिळे, ते करणाऱ्याची स्थिती तर विचारू नका. ऑगस्ट बेबेल हा पुढारी मूळचा कातारी, म्हणजे लेथवर काम करणारा. माझ्यासारखाच स्वतः वाचून शिकलेला. त्याने १८९० मध्ये बेकरी कामगारांच्या स्थितीवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. रात्रभर काम, मालकाच्याच छपराखाली झोप, चौदा-सोळा तासांचा दिवस. त्यानंतर १८९६ मध्ये सरकारने बेकऱ्यांत बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास ही सुधारणा होती, हे ध्यानात घ्या! १९१५ मध्ये युद्धकाळात पीठ वाचवण्यासाठी रात्रीचे भाजणे बंद केले. १९१८ च्या क्रांतीनंतर आठ तासांचा दिवस मिळाला आणि रात्रीची बंदी कायम झाली. ती १९९६ पर्यंत टिकली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९२५ मध्ये बेकरीतल्या रात्रीच्या कामाविरुद्ध करार केला.

त्या कराराचे पहिले कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. बंदी मालकालाही लागू, नोकरालाही लागू. मात्र एकाच घरातली माणसे स्वतःच्या घरापुरते भाजत असतील तर ती लागू नाही. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. कोणाच्या घरात पोलीस शिरणार? परंतु त्याचा अर्थ असा की मध्यरात्री बेकरीतला गडी ओव्हनपुढे उभा राहिला तर तो गुन्हा, आणि त्याची बायको घरी उभी राहिली तर तो सण.

१९५६ च्या मे दिनाला पश्चिम जर्मनीतल्या कामगार महासंघाने पाच दिवसांच्या आठवड्यासाठी एक भित्तिपत्रक काढले. त्यावर एक लहान मूल आहे आणि शनिवारी बाबा माझे, असे ते म्हणते. फार परिणामकारक भित्तिपत्रक. आमच्या चळवळीला अशी चित्रे सुचत नाहीत. शनिवार मिळालाही, टप्प्याटप्प्याने. पण आईचा शनिवार मागणारे भित्तिपत्रक मला अजून कुठे आढळलेले नाही. बाबांना सुट्टी मिळाल्यावर घरात खाणारा एक माणूस वाढला, असे एखादी गृहिणी म्हणाली तर तिला काय उत्तर देणार?

आमच्या युनियनच्या सभेत मी हे बोललो तेव्हा बायका हसल्या आणि पुरुष घड्याळ पाहू लागले. या सभेतही दोन-चार हात मनगटाकडे गेलेले मला दिसताहेत. म्हणून पुरुष मंडळींसाठीच प्रमाण सांगून थांबतो. लोण्याच्या बिस्किटांना तिकडे एक-दोन-तीनचे पीठ म्हणतात : १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, वाटल्यास एक अंडे. लोणी थंड हवे. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये, गोळा जमला की हात काढावा. जास्त मळले तर बिस्किट चिवट होते. तास-दीड तास गोळा फ्रीजमध्ये ठेवावा, आपल्याकडचा डिसेंबर लोण्याला पुरेसा थंड नसतो. मग लाटून वाटीने किंवा साच्याने कापावे आणि १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर शिटी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये मिठाच्या थरावर ताटली ठेवूनही जमते. वेळ अधिक लागतो. कडा बदामी झाल्या की बाहेर काढावे. मधला भाग मऊ लागेल, तो थंड झाल्यावर कडक होतो. ओट्यावर सांडलेले पीठ आणि ताटल्या ज्याने भाजले त्यानेच आवरायच्या. बिस्किटे पुरती गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. झाकण घट्ट असेल तर दोन-तीन आठवडे टिकतात.