म्हाताऱ्या माणसाचं तोंड कोण धुतं?



दंतवैद्यांच्या परिषदेत अध्यक्षाने इम्प्लांटवर, नव्या यंत्रांवर बोलावं अशी अपेक्षा असते. मी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाबद्दल बोलणार आहे. आपल्या जिल्ह्यात त्या तोंडाला वाली नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत आपण पावणेबारा लाख होतो, त्यातले सुमारे ८५ टक्के खेड्यात. आपले दवाखाने मात्र हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारपेठेत. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना सेनगावच्या एखाद्या वाडीवरून आपल्या खुर्चीपर्यंत आणायचं कोणी? दिवाळी झाली की कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला नाहीतर पुण्याकडे जातात. मागे उरतात म्हातारी आणि नातवंडं. जी सून घरी असते ती अंग पुसते, कपडे बदलते, भाकर कुस्करून भरवते. तोंड तेवढं राहून जातं. ‘आता या वयात दात घासून काय करायचंय,’ असं म्हातारी स्वतःच म्हणते आणि विषय संपतो.

अशाच एका घरी मी गेलो होतो. माय जेवत नाही, फार दिवस राहत नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं. वरची कवळी कित्येक दिवसांत काढलेलीच नव्हती. तिच्याखाली टाळू लालभडक, गालात कालच्या वरणभाताची शितं, जीभ कोरडी पडून चिरलेली. कवळी काढली, तोंड पुसून घेतलं, बुरशीवरचं औषध दिलं, रात्री कवळी पाण्यात ठेवायला सांगितली. काही दिवसांनी माय जेवायला लागली. तिची भूक मेलेली नव्हती, तिला घास लागत नव्हता.

हा प्रश्न केवळ दातांचा नाही. घास नीट गिळता येत नसेल तर तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जपानमध्ये योनेयामा आणि सहकाऱ्यांनी अकरा वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. २००२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. रोज तोंडाची निगा राखलेल्यांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, न राखलेल्यांपैकी १९ टक्क्यांना. एवढा फरक पडला तो ब्रशने आणि काळजी घेणाऱ्या हातांनी.

म्हणून गावोगावच्या आशा स्वयंसेविकांना, आपल्या आशाताईंना, आणि घरच्या माणसांना तोंड स्वच्छ करण्याची रीत नेमकी दाखवा. माणसाला उशांच्या आधाराने अर्धवट बसतं करा. जमत नसेल तर कुशीवर वळवून गालाखाली टॉवेल ठेवा. उताण्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ब्रश लहान मुलांचा, मऊ. पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी. आधी हिरडीच्या कडेने, मग गालाच्या आत, शेवटी जीभ, हलक्या हाताने. फेस ओल्या फडक्याने पुसून घ्या. दात असलेल्या माणसाच्या दोन दातांमध्ये बोट घालू नका, भान नसेल तर कडकडून चावा बसतो. ओठांना पेट्रोलियम जेली लावा. नळीतून अन्न देतात त्याचं तोंड घासायचं कशाला, असं घरोघरी वाटतं. खरं तर चावणं बंद झालं की लाळ कमी होते आणि तोंड जास्त घाण होतं. आणि करण्याआधी त्यांना सांगा: ‘माय, तोंड पुसते बरं का.’ विसरभोळेपणा वाढलेलं माणूस न सांगता हात आला की घाबरतं.

मिश्रीबद्दल बोलल्यावाचून मला राहवत नाही. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आपल्या आया-आज्या दात घासायची म्हणून आयुष्यभर हिरड्यांना चोळत आल्या. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. तोंड पुसताना पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर ते माणूस आपल्यापर्यंत आलंच पाहिजे. रोज तोंड पाहणारी सून हीच आपली पहिली तपासणी.

नवजात बाळासाठी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा ठरल्या दिवशी घरी जातात. अंथरुणावरच्या वृद्धांसाठी अशी भेट का नसावी? मात्र आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. या भेटीचा वेगळा मोबदला शासनाने द्यावा, अशी मागणी आपण परिषदेच्या ठरावात घालू. फुकटच्या कामावर ही गोष्ट उभी राहणार नाही, आणि राहूही नये.

आणि आपण? आठवड्यातली एक दुपार दवाखान्याबाहेर काढा, जवळच्या गावात जा. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक कर्त्या माणसाला त्याच्या दातांबद्दल विचारून झालं की आणखी दोन प्रश्न विचारा: घरात अंथरुणावर कोण आहे, आणि त्यांचं तोंड कोण धुतं? उत्तर मिळालं नाही, तर त्या घरचा पत्ता लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात तिथे जा.