परसातल्या हौदातली पोयणी



मी सातवी शिकलेली बाई. उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, चुकले तर सांभाळून घ्यावे.

2023 च्या फेब्रुवारीत आमच्या जळगावच्या घरी परसात लहानसा सिमेंटचा हौद बांधला. पाखरांना पाणी व्हावे, पावसाळ्यात बेडूक यावेत, एवढीच हौस. सासूबाई धुळ्याच्या. त्या हसून म्हणाल्या, "काय करी राह्यनी व माय?"

पोयणीचे दोन कंद आणले, भरपूर शेणखत घालून कुंडी थेट तळाशी ठेवली. पंधरा दिवसांत पाणी हिरवे झाले, कंद कुजले. वर डासांच्या अळ्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बुजवा तो हौद." त्यांच्या नातवाला आदल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता, त्यांचे काय चुकले? आमचे हेही म्हणाले, "पावसापर्यंत बघू, नाहीतर माती टाकू."

मग माहेरच्या माळीमामांना विचारले. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो झाडांना व माशांना सोसत नाही. म्हणून हौद भरून चार-पाच दिवस ठेवावा व रिकामा करावा, असे तीनदा. आपल्याकडे पाणी काय मोलाचे! ते सारे ओटा नि अंगण धुण्याला वापरले. कुंडीत नुसती काळी माती, खत नाही; वर बोटभर रेती, म्हणजे माती वर येत नाही. कुंडी विटांवर ठेवायची, वर चार बोटे पाणी. पाने वाढतील तशी एकेक वीट काढायची. नळाच्या पाण्यात टीसीएल असते, ते फडके बांधलेल्या पिंपात दिवसभर ठेवून मगच घालायचे. पोयणीला पाच-सहा तास ऊन हवेच, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा दुपारी पश्चिमेकडून जुने लुगडे बांधले. आटलेले पाणी रोज संध्याकाळी भरले.

अळ्यांसाठी गप्पी मासे सोडले. ते परदेशचे, नदी-तलावात मात्र सोडू नयेत. जलपर्णीही तशीच, जांभळ्या फुलांना भुलून कोणी आणू नका.

जूनमध्ये पानांनी अर्धे पाणी झाकले, तसे शेवाळ आपोआप कमी झाले. मृगाच्या पावसात रात्री बेडूक ओरडला. सकाळी काकू कुंपणाशी आल्या, वाकून अळ्या शोधल्या, सापडल्या नाहीत. म्हणाल्या, "फूल कधी येईल ग?"

आज सात-आठ कंद फडक्यात गुंडाळून आणले आहेत. ज्यांच्याकडे फुटके टप असेल त्यांनी आधी ते लिंपून घ्या, मग कंद न्या.