तुमची जमीन आणि प्रादेशिक योजना

गावाबाहेरची शेती उद्या रहिवास विभागात जाणार की औद्योगिक, हे ठरतं कसं? 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात याची रीत दिली आहे.

प्रादेशिक नियोजन मंडळ आधी पाहणी करतं. शेती, जंगल, रस्ते, पाणी, वाढती वस्ती यांचा विचार करून योजनेचं प्रारूप तयार होतं. त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. तेव्हापासून हरकती आणि सूचनांसाठी किमान 4 महिने मिळतात. या हरकती प्रादेशिक नियोजन समितीकडे जातात. समिती हरकतदारांना म्हणणं मांडायची संधी देते आणि आपला अहवाल मंडळाला देते. मंडळ आवश्यक ते बदल करून योजना शासनाकडे पाठवतं. अंतिम मंजुरी शासनाची.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रारूपाची सूचना निघाल्यावर शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर आधी परवानगी घ्यावीच लागते. म्हणून नकाशात आपला गट क्रमांक शोधा आणि हरकत असेल तर मुदतीत, लेखी द्या. पोहोच घ्यायला विसरू नका.