वाकसाच्या दातांचं जनावर

आज ज्या जनावराबद्दल बोलायचं आहे ते आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही, आणि पुढंही कोणी पाहणार नाही. त्याची फक्त हाडं उरली आहेत.

ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा प्राणी आहे. बुटका, आखूड पायांचा, गवत खाणारा, बिळात राहणारा. वजन पंचवीस-तीस किलो. कांगारूप्रमाणे मादीच्या पोटाला पिशवी असते, पण तिचं तोंड मागच्या बाजूस. नाहीतर उकरताना सारी माती पिलाच्या नाकातोंडात! या वॉम्बॅटचा फार पूर्वीचा एक थोरला भाऊबंद म्हणजे फॅस्कोलोनस. त्याचं वजन २०० किलोच्या घरात, म्हणजे लहानशा गावठी गाईएवढं. एवढं धूड बिळात कुठं मावणार?

हे नाव १८७२ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. ओवेन कधी ऑस्ट्रेलियात गेले नाहीत. तिकडून येणारी हाडं लंडनमध्ये बसून पाहायची आणि जनावर ओळखायचं, असं त्यांचं काम. पुढं त्यांच्याकडे काही रुंद, चपटे दात आले. सुताराचा वाकस असतो ना, अगदी तसे. हे निराळंच जनावर, असं समजून १८८४ साली त्यांनी त्याला 'वाकसदात्या' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. झाली पुस्तकात दोन जनावरं!

१८९३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कॅलाबोना नावाच्या कोरड्या खाऱ्या तळ्यात खोदकाम झालं. वरून पापुद्रा कडक, खाली चिखल. त्यात जनावरं रुतली ती तिथंच मेली. त्या हाडांवरून ॲडलेडच्या संग्रहालयातले स्टर्लिंग यांनी दाखवून दिलं, की वाकसासारखे दात फॅस्कोलोनसचेच! हे त्यांनी १९१३ साली छापलं. ओवेन १८९२ सालीच वारले होते.

ही थोरली जात सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. पाऊसमान बदललं म्हणून, की माणसाने शिकार केली म्हणून, याचा वाद अजून मिटलेला नाही.

आजच्या वॉम्बॅटच्या तीन जाती आहेत. त्यांतली उत्तरेकडची केसाळ नाकाची जात क्वीन्सलँडमधल्या एका रानात १९८० नंतरच्या काळात पस्तीसच्या आसपास उरली होती. चरायला सोडलेली गुरं त्यांचं गवत खात होती. गुरांना तिथून बंदी केली, कुंपण घातलं. आता ती तीनशेच्या वर गेली आहेत. शिवाय २००९ पासून काही जनावरं दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडली, एकाच रानात वणवा लागला किंवा रोग आला तर सारी एकदम जाऊ नयेत म्हणून.