वळणापलीकडची गाडी



रत्नागिरी जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला घाट चुकत नाही. कोल्हापूरला निघाले की आंबा घाट, चिपळूणहून कराडला जायचे तर कुंभार्ली, मुंबईच्या वाटेवर निवळी, परशुराम आणि भोस्ते. उन्हाळ्याच्या या दिवसांत याच वाटांनी आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो रात्रभर वाशीकडे धावतात, चाकरमान्यांच्या गाड्या गावाकडे येतात, चिऱ्यांचे ट्रक खाणीतून बाहेर पडतात, आणि थोड्याच दिवसांत या सगळ्यावर पाऊस येतो. अशा जिल्ह्यात गाडी शिकणाऱ्या मुलाला आपण क्लच, गिअर आणि रिव्हर्स शिकवतो, मैदानावर आठचा आकडा काढून घेतो. शिकाऊ परवान्यासाठी त्याला 15 प्रश्न विचारतो आणि 9 उत्तरे बरोबर आली की पुढे पाठवतो. हे सारे हवेच. पण रस्त्यावर पुढच्या काही क्षणांत काय घडू शकते हे त्याला ओळखता येते का, याची परीक्षा आपण कुठेच घेत नाही. धोका ओळखणे ही शिकवता येणारी आणि तपासता येणारी गोष्ट आहे, आणि ती शिकवल्यावाचून कुणाच्या हाती परवाना देऊ नये, एवढे एकच म्हणणे मला आज मांडायचे आहे.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. आपले रस्ते आखणारे अभियंते चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच सुमारे 42 मीटर संपले. पुढे गाडी थांबायला आणखी तेवढेच लागतात आणि एकूण अंतर 80 मीटरच्या घरात जाते. हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. उतारावर आणि ओल्या डांबरावर तो आणखी वाढतो. ब्रेक कितीही उत्तम असले तरी पहिले 42 मीटर त्यांच्या हातात नाहीत. ते डोळ्यांच्या आणि डोक्याच्या हातात आहेत. धोका एक सेकंद आधी ओळखला, तर एसटीच्या एका गाडीच्या लांबीहून जास्त रस्ता वाचतो.

आणि हे ओळखायचे कसे, याला ठरलेल्या खुणा आहेत. घाटात रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तिथे आपली नजर संपते. आपण पुढे जाताना तो बिंदू जवळ येऊ लागला तर वळण आवळत चालले आहे, वेग आत्ताच उतरवायला हवा. तो लांब सरकू लागला तर वळण सुटते आहे. दिसतो तेवढ्या रस्त्यात थांबता येईल, त्याहून जास्त वेग घाटात कधीच योग्य नसतो. वरच्या टप्प्यावर झाडीतून एसटीचे किंवा ट्रकचे छत सरकताना दिसले, की केसांच्या पिनेसारख्या वळणावर त्या गाडीला सगळा रस्ता लागणार हे धरून अलीकडेच थांबावे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर नियमच आहे. रात्री समोरची गाडी वळणाआधी प्रकाशाने कळते; दिवसा ती सोय नसते, म्हणून हॉर्न लागतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, तेव्हा पुढच्या ट्रककडून जळका वास आला की त्याच्यापासून दूर राहावे. पावसात डोंगराच्या बाजूने लाल गढूळ पाणी रस्त्यावर येत असेल, कडेला ताजे दगडगोटे पडलेले असतील, तर दरड सुटू लागलेली असू शकते. पहिल्या सरीत तेल आणि धूळ वर येऊन रस्ता निसरडा होतो. मुसळधार पाऊस पुष्कळसे वाहून नेतो, पण ती पहिली सर फसवी असते.

शहरात दरी नसते, पण झाकलेल्या जागा घाटाहून जास्त असतात. उभ्या एसटीच्या पुढून कुणी आडवे येईल, हे तिच्या मागून येणाऱ्याने गृहीतच धरायला हवे. रिक्षावाल्याची मान कडेच्या माणसाकडे वळली की रिक्षा इंडिकेटर न देता थांबणार. उभ्या मोटारीत चालक बसलेला दिसला की दार उघडू शकते. रत्नागिरीतल्या मारुती मंदिराकडची वर्दळ असो वा जुन्या आळीतला गडग्याआडून येणारा रस्ता, दोन्हीकडे विचारायचा प्रश्न घाटातलाच आहे: मला इथे काय दिसत नाही? पावसाळ्यात रात्री कोरड्या डांबरावर बसलेली मोकाट गुरे आपल्या दिव्यांच्या टप्प्यात येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो; त्यात दुचाकीस्वार सर्वांत उघडा. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती.

यावर कुणी म्हणेल, हे अनुभवाने येतेच, वेगळे शिकवायचे कशाला? मला हे पटत नाही. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणारा शंभर वेळा सुखरूप सुटतो आणि प्रत्येक वेळी चुकीचाच धडा पक्का करतो. अनुभवी चालकांची नजर वेगळी असते हे खरे आहे. चालकांच्या डोळ्यांची हालचाल मोजणाऱ्या 1972 च्या अमेरिकी अभ्यासात नवशिके गाडीच्या पुढ्यातच पाहत राहतात आणि आरशांकडे कमी वळतात, असे दिसले. पण ती नजर येण्यासाठी पहिली काही वर्षे जीव जोखमीत घालावा, याला शहाणपण म्हणता येणार नाही. नुसते कसब वाढवण्याचा प्रयोग नॉर्वेने केला होता. घसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळण्याचे प्रशिक्षण तिथे सक्तीचे झाले आणि तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढले, कारण हाताच्या कसबाबरोबर धाडसही वाढले. ब्रिटनने 2002 पासून दुसरी वाट धरली. तिथे उमेदवाराला 14 चित्रफिती दाखवतात, आणि धोका आकार घेऊ लागताच जो आधी ओळखेल त्याला जास्त गुण मिळतात. त्यानंतरच्या पाहणीत नव्या चालकांचे काही प्रकारचे अपघात सुमारे 11 टक्क्यांनी कमी आढळले. आकडा छोटा वाटेल, पण त्यामागे माणसे आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: रस्ता सरकारने नीट करायचा, चालकाला दोष का? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. जयगड आणि राजापूरहून निघालेल्या दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. त्या अंधारात आणि पुरात पुढे पूलच नाही हे कुठल्याही चालकाने ओळखावे, अशी अपेक्षा करणे हा अन्याय ठरेल. ती जबाबदारी पूल तपासणाऱ्यांची होती. वर्षानुवर्षे रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाबद्दलही जाब विचारत राहिलेच पाहिजे. पण सरकारी व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे 500 मीटरचा पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू व्हावे लागतात. म्हणजे फलक लागतो तो माणसे गेल्यावर किंवा जायबंदी झाल्यावर. अर्धवट कामाच्या रस्त्यावर तर डायव्हर्जन आज इथे, उद्या तिथे. तोवर चालकाच्या नजरेवाचून दुसरे संरक्षण नाही. ‘वेग कमी करा’ ही पाटी तरी कुठवर पुरणार? वेग नेमका कुठे कमी करायचा, हे नजरच सांगते.

म्हणून जिल्ह्यातल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलना आणि परिवहन कार्यालयाला माझी विनंती आहे. आपल्याच घाटांच्या आणि बाजारपेठांच्या चित्रफिती घ्या, वर्षानुवर्षे विनाअपघात गाडी हाकणाऱ्या एसटी चालकांना त्यांवर बोलायला बसवा, आणि शिकणाऱ्याला त्या दाखवून विचारा, ‘पुढे काय होईल?’ शिकवताना त्याला दिसेल तो प्रत्येक धोका मोठ्याने बोलायला लावा. ब्रिटनमध्ये पोलिसांना असेच शिकवतात आणि याला एक पैसाही लागत नाही. आणि आईवडिलांनो, मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी या पावसाळ्याआधी त्याच्याशेजारी बसून रत्नागिरीहून हातखंब्यापर्यंत एकदा जा, आणि त्याला काय काय दिसते आहे ते विचारा.